टी.वाय.चे १२० तास आणि बंगळुरूची ऑफर: सोसायटीच्या ग्रुपवर

बी-३०४: नमस्कार मंडळी. मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे. पुढच्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ४ क्रेडिट. कॉलेज म्हणतंय जागा तुम्हीच शोधा. नोव्हेंबर अर्धा गेला. कुठून सुरुवात करायची? ग्रुपमध्ये सी.ए., एचआर, प्राध्यापक सगळे आहेत म्हणून इथेच विचारते.

ए-२०२ (प्राध्यापक): वहिनी, आधी हिशोब पक्का करा. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज ४ तास धरले तर ३० दिवस, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस जाऊन पाच आठवडे. एक आठवडा सुट्ट्या नि आजारपणाला ठेवा. मुलं "दोन महिने करायचंय" असं सांगतात आणि सर्टिफिकेटवरही तेवढंच छापून येतं. मग कॉलेज विचारतं, तास किती? तोवर ऑफिसातला ओळखीचा माणूस सोडून गेलेला असतो. पहिल्या पत्रापासून शेवटच्या सर्टिफिकेटपर्यंत "१२० तास" हे शब्द आणि दोन्ही तारखा हव्यातच.

ए-१०१ (खजिनदार): बी.कॉम.ला सी.ए.चं ऑफिस उत्तम, पण वेळ सांभाळा. जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात: महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी. ८ ते २० मध्ये ऑफिसात कोणालाही शिकवायला सवड नसते. त्या दिवसांत आलेला मेल कोणी उघडत नाही, आणि त्या दिवसांत रुजू झालेला मुलगा पहिले दहा दिवस झेरॉक्स काढत बसतो. मेल २१ नंतर पाठवा, फोन सकाळी ११ च्या सुमारास, रुजू व्हायचं तेही २१ नंतर. म्हणजे २२ डिसेंबर धरा.

बी-३०४: काका, मेलमध्ये काय लिहायचं? तो "रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट" असं लिहून बसलाय.

ए-१०१ (खजिनदार): ते पुसून टाकायला सांगा. हे बघा:

विषय: इंटर्न, १२० तास, २२ डिसेंबरपासून, रोज दुपारी २ ते ६

नमस्कार. मी टी.वाय.बी.कॉम.चा विद्यार्थी, राहणार डोंबिवली पूर्व. टॅली प्राइममध्ये व्हाउचर एन्ट्री आणि बँक रिकन्सिलिएशन येतं. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि व्हीलुकअप येतं. जीएसटी रिटर्न स्वतः भरलेलं नाही, शिकायची तयारी आहे. कॉलेजचं पत्र जोडलं आहे. स्वतःचा लॅपटॉप आहे. उद्या ११ वाजता फोन केला तर चालेल का?

एवढंच. जे येत नाही ते लिहिलंय म्हणून बाकीच्यावर विश्वास बसतो. पण टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, येतं असं लिहायचं असेल तर आधी हात बसलेला हवा. टॅलीची एज्युकेशनल आवृत्ती विनापरवाना चालते. फक्त ती महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्याच एन्ट्री घेते, तेव्हा "बिघडलं" म्हणून बंद करू नका. घरच्या बँक स्टेटमेंटवर दोन महिन्यांचं रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या नोंदींशी जुळवणं, करून बघ म्हणावं. ऑफिसात पहिल्या दिवशी तेच बसवतात.

सी-१०२: एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांनाही विचारा. फेज वन, फेज टूमध्ये अकाउंट्सला एकच माणूस असतो आणि स्टॉक रजिस्टर मागे पडलेलं असतं. ऑनलाइन जाहिरात हे लोक कधी देत नाहीत, गेटवर जाऊनच विचारावं लागतं. पेट्रोलपुरते पैसे बहुतेक देतात.

ए-२०२ (प्राध्यापक): कागदांचं अजून राहिलं. क्रम असा: कॉलेजचं विनंतीपत्र, ऑफिसचं होकारपत्र, मग कॉलेजची एनओसी, मग रुजू. एनओसीच्या आधी रुजू झालात तर मधले दिवस धरत नाहीत. प्रिन्सिपॉलच्या सहीला आठवडा धरा. रोजची वही त्याच दिवशी भरा: तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काय काम केलं, मेंटॉरची सही. सह्या आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी ३० सह्या एकाच पेनने घेतल्या की परीक्षकाला लगेच कळतं. आणि वहीत "अकाउंटिंग वर्क" असं तीसदा लिहू नये. "खरेदीची ४० बिलं टाकली, तिघांचे जीएसटी नंबर चुकीचे निघाले" असं लिहावं. तोंडी परीक्षेत प्रश्न यातूनच येतात.

ए-३०३: फॉरवर्ड: *सर्व कॉलेज विद्यार्थ्यांना सरकारकडून दरमहा ५००० रु. इंटर्नशिप!! लगेच नोंदणी करा, १० ग्रुपमध्ये पाठवा*

सी-५०१ (एचआर): दादा, हे अर्धवट आहे, कृपया पुढे पाठवू नका. पंतप्रधान इंटर्नशिप योजना खरी आहे, पण ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या अटी अशा: वय २१ ते २४, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, घरात कोणी कायम सरकारी नोकरीत नको, आणि पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांना नाही. मुदत १२ महिने. ५००० मधले ४५०० सरकारचे, ५०० कंपनीचे, वर एकदाच ६०००. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरच्या अटी वाचायच्या, फॉरवर्डवर जायचं नाही.

ए-२०२ (प्राध्यापक): राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तसंच. २०२४ च्या शासन निर्णयात बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन होतं, पण शिक्षण चालू असणारे अपात्र. म्हणजे दोन्ही योजना डिग्री झाल्यानंतरच्या. शिकत असताना एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं) इंटर्नशिप पोर्टल, इंटर्नशाला ही वेबसाइट आणि कॉलेजचा प्लेसमेंट सेल, एवढंच हातात असतं.

बी-६०३: काका, ताई, मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला आहे. बंगळुरूच्या एका कंपनीची ऑफर आलीय, १ जून ते ३१ जुलै, स्टायपेंड महिना १५,०००. आईबाबा म्हणतात पैसे सुटणारच नाहीत. आणि दुसरी एक ऑनलाइन ऑफर आहे, त्यात १,९९९ रु. रजिस्ट्रेशन भरायचं, रिफंडेबल आहे म्हणतात. कुठली घेऊ?

सी-५०१ (एचआर): दुसरी सोड. इंटर्नकडून रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, लॅपटॉपचं शुल्क मागणारी कंपनी काम देत नसते, ती सर्टिफिकेट विकत असते. भरले असशील तर आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. आणखी एक सापळा: घरबसल्या डेटा एन्ट्री, करारावर आधारचा फोटो मागतात, आठवड्याने "चुका झाल्या, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस. घाबरून पैसे द्यायचे नाहीत.

बंगळुरूच्या कंपनीचं नाव एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर कंपनी मास्टर डेटात टाकून बघ. स्थिती ॲक्टिव्ह हवी, स्थापनेची तारीख आणि पत्ता ऑफर लेटरशी जुळायला हवा. प्रोप्रायटर किंवा पार्टनरशिप असेल तर तिथे सापडणार नाही, मग जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून शोध.

बी-६०३: नाही, पैसे नाही भरले. एमसीएवर बघितलं आत्ताच, ॲक्टिव्ह आहे. पत्ताही तोच.

ए-१०१ (खजिनदार): मग आकडे मांडू. दोन जणींची खोली, दोन वेळचं जेवण धरून पीजी (पेइंग गेस्ट) महिना ९,००० चं धरतो. भाग बदलला की आकडा बदलेल, पद्धत तीच.

डिपॉझिट ९,०००. दोन महिन्यांचं भाडं १८,०००. तिथला प्रवास महिना ३,००० प्रमाणे ६,०००. नाश्ता, रविवारचं जेवण, औषध, रिचार्ज मिळून आणखी ६,०००. रेल्वेने जाऊन-येऊन १,५००. बेरीज ४०,५००.

येणार किती? स्टायपेंड ३०,०००. डिपॉझिटमधून पीजीवाले मेंटेनन्स म्हणून २,००० कापतील असं धरू, ७,००० परत. एकूण ३७,०००. घरचे घालावे लागतील ते ३,५००.

बी-६०३: फक्त ३,५००?? बाबांना वाटत होतं वीस-पंचवीस हजार लागतील.

ए-१०१ (खजिनदार): बाबांचंही बरोबर आहे, बाळा. ३,५०० हा शेवटचा आकडा. अडचण मधल्या दिवसांची असते. जूनचं स्टायपेंड जुलैच्या ७-१० तारखेला येतं आणि जुलैचं भाडं १ तारखेला द्यायचं असतं. त्याच्या आत डिपॉझिट ९,०००, दोन भाडी १८,०००, पहिल्या महिन्याचा प्रवास ३,०००, वरखर्च ३,०००, जायचं तिकीट साधारण ७५०. झाले ३३,७५०. तेवढे रुपये निघण्याच्या दिवशी हाताशी हवेत. मुलं मध्येच परत येतात ती बहुतेक याच पाच आठवड्यांत.

बी-३०४: सोसायटीच्या सिंकिंग फंडातून मुलांना असे पैसे उसने देता नाही का येणार? पडूनच असतात ना.

ए-१०१ (खजिनदार): नाही वहिनी. सिंकिंग फंड इमारतीच्या पुनर्बांधणीचा आणि मोठ्या दुरुस्तीचा. त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येत नाही, ऑडिटरने धरलं तर कमिटी अडकेल. ज्यांना जमेल त्यांनी वैयक्तिक द्यावे, सोसायटीच्या खात्याबाहेर. मी १०,००० देतो. ऑगस्टमध्ये परत, बिनव्याजी, बँकेतून बँकेत, म्हणजे नोंद राहते.

सी-१०२: माझे १०,००० धरा.

सी-५०१ (एचआर): माझे ५,०००. पण त्याआधी कंपनीलाच विचारून बघ. ऑफर स्वीकारायच्या मेलमध्ये दोन वाक्यं घाल: "पहिल्या महिन्याचं स्टायपेंड १५ जूनला अर्धं मिळू शकेल का? पहिल्या आठवड्यासाठी गेस्ट हाउसची सोय आहे का?" होकार देतानाच विचारलं तर कोणाला वावगं वाटत नाही. रुजू झाल्यावर विचारलं की एचआरला अकाउंट्सच्या मागे लागावं लागतं.

बी-६०३: स्टायपेंडमधून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, कापतात का? वर्गात एकीचे १० टक्के कापले.

ए-१०१ (खजिनदार): व्यावसायिक फी म्हणून देत असतील तर १० टक्के, पण एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० च्या वर गेल्यावरच. तुझे ३०,००० आहेत, कापायला नकोत. कापलेच तर प्राप्तिकर पोर्टलवर तुझ्या पॅनवर दिसतात का बघ आणि रिटर्न भरून परत माग. पॅन नसेल तर आजच अर्ज कर, त्याशिवाय कंपनी पैसे सोडणार नाही.

आणि खातं बघ. पूर्ण केवायसी न करता उघडलेलं "स्मॉल अकाउंट" असेल तर वर्षाला १ लाख जमा, शिल्लक ५०,००० पर्यंत आणि महिन्याला काढता येतात फक्त १०,०००. पीजीचं भाडं नि डिपॉझिट एकत्र देताना तिथेच अडकशील. शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून घे.

बी-३०४: मुलाला जर ठाण्याला ऑफिस मिळालं तर लोकलचा कॉलेजचा कन्सेशन पास चालेल का?

ए-२०२ (प्राध्यापक): तो घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतच मिळतो. त्याच्या पुढे गेलात तर विनातिकीट धरतील. ऑफिससाठी साधा पास काढा. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट असतो, म्हणजे काम दोन महिन्यांत आटपणार असेल तर मासिकच दोनदा काढलेला स्वस्त.

सी-२०३: माझी मुलगी लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सला आहे. तिने सलग दोन महिने एकाच वकिलांकडे जावं का?

ए-२०२ (प्राध्यापक): बार कौन्सिलच्या नियमात पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान २० आठवडे, तीन वर्षांच्याला १२. पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. तेव्हा विभागून करा. नीती आयोगाची इंटर्नशिपही बघा: अर्ज दर महिन्याच्या १ ते १० तारखेला, किमान सहा आठवडे, स्टायपेंड नाही. दिल्लीचा खर्च वरच्यासारखा मांडूनच ठरवा. एम.ए., एम.कॉम.च्या शेवटून दुसऱ्या वर्षाला कोणी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या समर प्लेसमेंटचे अर्ज १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर असतात, स्टायपेंड महिना २०,०००. अजून वेळ आहे.

बी-६०३: ताई, ऑफर आली असली तरी बंगळुरूवाल्यांचा एक टेक्निकल राउंड बाकी आहे. रेझ्युमेवर प्रोजेक्टची ओळ अशी आहे: "कॉलेज बस ॲप बनवलं, अँड्रॉइड आणि डेटाबेस वापरून." चालेल?

सी-५०१ (एचआर): तुझा वाटा त्यात दिसत नाही. चौघांच्या टीममध्ये तू काय केलंस?

बी-६०३: लॉगिन आणि डेटाबेस. शोध फार हळू चालायचा, इंडेक्स लावल्यावर ३ सेकंदांचा अर्ध्या सेकंदावर आला. ५० हजार नोंदी होत्या.

सी-५०१ (एचआर): हेच लिही: "चौघांची टीम, माझ्याकडे लॉगिन आणि डेटाबेस. ५०,००० नोंदींवरचा शोध इंडेक्स लावून ३ सेकंदांवरून ०.५ वर." आता ते विचारणार: इंडेक्स कुठल्या कॉलमवर, का, त्याने नवीन नोंद टाकायला वेळ वाढतो का. या तिन्हींची उत्तरं तोंडी बोलून बघ, कागदावर नको. रेझ्युमे एका पानाचा, पीडीएफ, फाइलला तुझं नाव. "फायनल २" असं नाव असलेल्या फाइली रोज येतात आणि नंतर शोधून सापडत नाहीत.

बी-६०३: शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बोलून दाखवू का?

सी-५०१ (एचआर): ये. सहाला. लॅपटॉप आण, कोड उघडून विचारेन.

ए-१०१ (खजिनदार): आणि तिकिटाची तारीख लिहून ठेव. उद्यान एक्स्प्रेस कल्याणला थांबते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ३० मे ला निघायचं तर मार्चच्या शेवटी. परतीचंही जूनच्या पहिल्या आठवड्यात काढून टाक.