मदत हवी आहे: निसर्गशिबिरं चालवणाऱ्यांचा गट आहे का?

नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली, जुन्नर भागातल्या शाळांच्या मुलांची निसर्गशिबिरं घेते. मुलांना जंगल दाखवणं जमतं. पण वन विभागाची परवानगी, संमतिपत्रं, विमा, मदतनिसांचं मानधन हे सगळं एकटीच्या डोक्यावर आहे.

परवा भीमाशंकरला एका मुलाला गांधीलमाशी डसली, हात टम्म सुजला. रात्रभर उशाशी बसले. सकाळी मुलं मान वर करून शेकरूचं घरटं बघत होती आणि मला रडू येत होतं. विचारायचं कुणाला?

पक्षी-झाडांची माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (बीएनएचएस) १८८३ पासूनच्या संस्थेकडून मिळते. मला हवीत माझ्यासारखी शिबिरं चालवणारी माणसं. महिन्यातून एकदा भेटणारा, अडचणी मोकळेपणाने बोलणारा असा गट पुणे-नाशिककडे आहे का? नसेल तर सुरू करायला कोण येईल?