नाताळची छोटी सजावट घरी करताना: मापं, चिकटवण्या आणि फजित्या (अनुभव धागा)

कातरकाम
दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्या बघून वसईकडचे दारोदारचे नाताळचे तारे आठवले, म्हणून हा धागा. झाडावरचं, दारावरचं, काहीही लिहा, पण मापं द्या. "थोडं कापा, मग चिकटवा" असलं नको.

सुरुवात ताऱ्यापासून. ३० सेंमीच्या १० पातळ कामट्या, ५-५ च्या दोन चांदण्या. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून ११.५ सेंमीवर खूण करा, दोन कामट्या एकमेकींना तिथेच छेदायला हव्यात. अंदाजाने बांधलं की एक पाय आखूड होतो. चांदण्या एकीवर एक ठेवून फक्त ५ टोकं बांधा. मग आतल्या ५ छेदांमध्ये ६ सेंमीच्या काड्या उभ्या अडकवायच्या. ओळीने नाही, एक सोडून एक, नाहीतर सांगाडा पिळवटतो. कागद: १० त्रिकोण, २ पंचकोन आणि कडेचे १० अरुंद त्रिकोण. हे कडेचेच सगळे विसरतात.

पतंगीलाल
चिकटवायला फेव्हिकॉल की खळ?

कातरकाम
पतंगी कागदाला खळच. २ चमचे मैदा गार पाण्यात कालवून १ कप पाण्यात शिजवा, पारदर्शक होईपर्यंत. फेव्हिकॉलचे डाग दिवा लावला की दिसतात. आणि बोटं कोरडी ठेवा, लाल कागदाचा रंग पांढऱ्यावर उतरतो.

जुना_बाइंडर
खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं फिरकत नाहीत. पण ते विष आहे. घरात पोरं असतील तर नकोच.

वायरमन
आत झिरोचा बल्ब लावू नका. नावाला झिरो, घेतो १२-१५ वॅट, कागदाला टेकला की करपतो. एलईडीच लावा.

मीठभाकर
मीठ-मैद्याच्या चांदण्या. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाऊण ते १ वाटी पाणी (एकदम ओतू नका). ५ मिमी जाड लाटा, दोऱ्याचं भोक भाजायच्या आधीच स्ट्रॉने पाडा. ओव्हन ११० अंश, अडीच-तीन तास, मधे एकदा उलटायच्या. घाईने १५० वर ठेवलं की फुगतात, तडकतात. रंगानंतर वॉर्निशचे दोन हात, भोकाच्या आतूनसुद्धा. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून उघड्या राहिलेल्या जूनमध्ये पाघळतात.

चिऊ
म्हणजे खारी शंकरपाळी 😄

मीठभाकर
खाऊन बघ एकदा 😂

घडीबाज
फ्रोबेल तारा (कागदी पट्ट्या विणून-दुमडून केलेला). ४ पट्ट्या, लांबी रुंदीच्या ३० पट. ए४ कागदाच्या लांबीला १ सेंमीच्या पट्ट्या कापल्या की हिशेब आपोआप बसतो. साधा ८० जीएसएमचा कागद घ्या, कार्डशीट घडीवर फुटतं. पट्ट्यांची टोकं तिरकी कापा, नाहीतर आत सरकत नाहीत. आधी ८ सपाट टोकं, मग ८ उभी, दोन्ही बाजूंना ४-४. उभं करताना सरकवलेली पट्टी सपाट टोकातून बाहेर आली पाहिजे. नाही आली तर वळसा उलटा पडला, सोडा आणि परत. उरलेलं शेवटी कापायचं, आधी कापलंत तर गेलं.

लोकरबाई
छोटे गोंडे जेवणाच्या काट्यावर करा. ६०-७० वेढे, मधल्या फटीतून बांधायचं. बांधायला सुती दोराच, लोकर ताणते आणि गोंडा नंतर गळायला लागतो. कमी वेढे घेतले की मधे टक्कल.

मारिया_आंटी
आमच्याकडे काटा कलकलसाठी (नाताळचा तळलेला गोड खाऊ, काट्यावर वळतात) राखीव हं. त्याला लोकर लागली तर बघा!

चिऊ
आंटी, कलकल तळताना उलगडतात, काय चुकतं?

मारिया_आंटी
वळून झाल्यावर शेवटची कड दाबून चिकटव आणि तीच बाजू खाली करून ठेव. पीठ कोरडं झालं तर कड धरत नाही, ओल्या फडक्याखाली झाकून ठेव. तेल मध्यम.

कातरकाम
धागा सजावटीचा आहे हो... पण चालू द्या.

सुरूबन
किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाची बोंडं. उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, मग दोन दिवस कडक ऊन. ओलसर बोंडाला चिकटवलेलं निघून येतं. भोक पाडत बसू नका, तळाशी दोऱ्याचा फास गरम गोंदाने लावा. चमकी फक्त कडांना, सगळीकडे फासली की मिठाईवरच्या वर्खासारखी दिसतात.

पतंगीलाल
येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या हिरवळीसाठी नाचणी कधी पेरायची?

मारिया_आंटी
१४-१५ डिसेंबरला. रात्रभर भिजव, फडक्यात बांधून मोड आण. ताटलीत बोटभर माती, वर दाणे एकाला एक लागून, वर मातीचा पातळ थर. दोन दिवस झाकून, मग उजेडात. पाणी ओतू नकोस, शिंपड, नाहीतर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात.

लोकरबाई
पुण्यात थंडीमुळे दोन दिवस जास्त धरा.

वायरमन
बारीक तार पुण्यात बोहरी आळीत सुटी मिळते का, की अख्खं रीळ घ्यावं लागतं?