ओहायो स्टेटचा बँड नीट दिसेल अशी जागा कोणती?

मदत हवी आहे. आई-बाबा ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस शहरात येतायत. अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही (मलाही फारसं नाही), पण ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा मार्चिंग बँड बघायचाच आहे. मुख्य म्हणजे 'स्क्रिप्ट ओहायो'. 1936 पासून हा बँड मैदानभर चालत चालत वळणदार इंग्रजी अक्षरांत 'ओहायो' लिहितो आणि शेवटी एक सूसाफोनवाला (अंगाभोवती घालून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) ऐटीत जाऊन 'आय'वरचा टिंब होतो, ते!

ओळखीच्या दोघांना विचारलं. एक म्हणतो कुठूनही छान दिसतं, दुसरा म्हणतो चुकीच्या बाजूला बसलात तर अक्षरं उलटी दिसतील. व्हिडिओ पाहिले, पण कॅमेरा कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे अगदी वरच्या रांगा नकोत. फार खालून अक्षरं वाचता येणार नाहीत, हेही कळतंय. सामन्याआधी सेंट जॉन अरीनात बँडची 'स्कल सेशन' (प्रेक्षकांसमोरची तालीम) असते, तिथे जाणारच आहोत, पण तिथे मैदानावरचं लिखाण होत नाही.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगा: कुठली बाजू, साधारण कितवी रांग? आणि स्क्रिप्ट सामन्याआधी होणार की मध्यंतरात, हे आधी कळतं का?