लेकीचं कोलेस्टेरॉल कमी आहे, तर दोष माझ्या पथ्याचा का?

सावलीतली_आई

लेक चौदा महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा टाळू दुभंगलेला, डोक्याचा घेर लहान आणि दोन्ही पायांची दुसरी-तिसरी बोटं इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडलेली. बोटांचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण सासऱ्यांचीही थोडी तशीच आहेत. दूध ओढता येईना म्हणून नाकातून नळी घातली. वजन वाढेना, आणि उन्हात पाच-दहा मिनिटं नेलं तरी गाल भाजल्यासारखे लाल होत. मागच्या महिन्यात जनुक तपासणीचा अहवाल आला: स्मिथ-लेमली-ओपित्झ सिंड्रोम. शरीरात कोलेस्टेरॉल नीट तयारच होत नाही, असं सांगितलं.

आता माझा प्रश्न. गरोदर राहण्याआधी माझं कोलेस्टेरॉल २३६ होतं. मी कडक पथ्य धरलं, स्निग्ध काही तोंडात घातलं नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी पाचव्या आठवड्यापर्यंत चालू होती, दिवस गेलेत हे कळल्यावर बंद केली. घरात कुणी तोंडावर बोलत नाही, पण "तू तेव्हा खाल्लंस कुठे काही" हे वाक्य दोनदा कानावर आलंय. हे माझ्यामुळे झालं का?

शिवाय एकाच आठवड्यात दोन आकडे आले. नेहमीच्या लॅबचं एकूण कोलेस्टेरॉल ७१, आणि पुढे 'इष्ट' असा शेरा! विशेष लॅबचं ५२. खरं कुठलं? आणि मुळात टाळू, बोटं, मेंदू यांचा कोलेस्टेरॉलशी संबंध काय? मला तर ते हृदयविकारापुरतंच माहीत होतं.

जुना_पिपेटवाला

ताई, मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं जीवरसायनाच्या लॅबमध्ये काढली, एवढीच माझी पात्रता. आधी आकड्यांचं सांगतो, कारण ते माझ्या हातातलं.

नेहमीच्या यंत्रात एक एन्झाईम कोलेस्टेरॉलला ऑक्सिडाइझ करतं, रंग उमटतो आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा काढतात. त्या एन्झाईमला माणसं ओळखता येत नाहीत. कोलेस्टेरॉलचं सख्खं भावंड, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, समोर आलं तर तेही मोजून मोकळं होतं. तुमच्या विशेष लॅबच्या अहवालात त्याचा आकडा वेगळा दिला असेल. बघून सांगा, १५ ते २० च्या आसपास असावा असा माझा अंदाज.

आणि तो 'इष्ट' शेरा! आमच्याही यंत्रात २०० च्या खालचं सगळं आपोआप इष्ट छापलं जायचं. मोठ्यांच्या हृदयासाठी बसवलेली ती ओळ, तान्ह्या बाळाला तीच. एकदा असाच एक अहवाल माझ्या सहीने गेला. बाळाचा आकडा फार खाली होता आणि मी तो 'चांगला' म्हणून पुढे ढकलला. काही महिन्यांनी वरिष्ठांनी मला बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून लहान मुलांचा शेरा मी हाताने खोडायचो. या आजारात काही मुलांचं एकूण कोलेस्टेरॉल सामान्यही येतं, तेव्हा नुसत्या त्या आकड्यावर जाऊन चालत नाही. स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि त्याची भावंडं, वेगवेगळे करून मोजावे लागतात.

आता दोषाचं. पेशी कोलेस्टेरॉल अगदी साध्या मालापासून बनवते, तीसेक पायऱ्यांत. तुमची स्टॅटिन गोळी अडवते ती सुरुवातीची पायरी. लेकीची अडलीय ती शेवटची: ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलमधला एक दुहेरी बंध काढायचा, की कोलेस्टेरॉल तयार. हे काम करणाऱ्या एन्झाईमचं जनुक डीएचसीआर-७, अकराव्या रंगसूत्रावर. त्याची एक बिघडलेली प्रत तुमच्याकडून आली आणि एक बाळाच्या बाबांकडून. एक प्रत बिघडलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. पथ्याने जनुकाची प्रत बिघडत नाही, आणि दोन बिघडलेल्या प्रती सापडल्यावर दुसरं कारण शोधत बसायची गरज उरत नाही. कुणी पुन्हा ते वाक्य बोललं तर सांगा, अर्धी प्रत त्या बाजूचीही आहे.

गोळीबद्दल: गरोदरपणात स्टॅटिनवरचा सर्वांत कडक इशारा काढावा, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं. बहुतेकींनी गोळी थांबवावी हा सल्ला कायम आहे, आणि तुम्ही थांबवलीतच.

अंकुर_आणि_अंग

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. मी भ्रूणविज्ञान शिकवते.

गर्भात प्रत्येक पेशीला आपण कुठे आहोत हे कळावं लागतं. बोटांचंच घ्या. हाताची कळी फुटते तेव्हा करंगळीकडच्या कडेला काही पेशी एक प्रथिन सोडतात, सॉनिक हेजहॉग. (हो, व्हिडिओ गेममधलाच. मूळ हेजहॉग जनुक फळमाश्यांमध्ये सापडलं, ते बिघडलं की अळीच्या अंगावर काटे उठतात म्हणून हेजहॉग या साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याचं नाव पडलं.) उगमाजवळ प्रथिन दाट, लांब जावं तसं विरळ. पेशी त्या दाटपणावरून ठरवतात, करंगळी व्हायचं की तर्जनी. हेच प्रथिन पुढच्या मेंदूचे दोन भाग करायला लावतं आणि चेहऱ्याचा मध्यभाग घडवतं.

आता कोलेस्टेरॉल यात कुठे? १९९६ मध्ये कळलं की हे प्रथिन तयार होताना स्वतःलाच कापून घेतं आणि कापलेल्या टोकाला कोलेस्टेरॉलचा रेणू चिकटतो. तोवर कोलेस्टेरॉल प्रथिनाला असं कायमचं जोडलं जातं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग सगळ्यांना वाटलं, कोलेस्टेरॉल नाही तर हेजहॉग नाही, कोडं सुटलं. इतकं सरळ निघालं नाही. या आजाराच्या पेशी प्रथिन बऱ्यापैकी बनवतात, पण आलेला निरोप ऐकण्यात कमी पडतात. निरोप घेणाऱ्या साखळीत स्मूदन्ड नावाचं एक प्रथिन आहे, आणि जागं होण्यासाठी त्यालाही कोलेस्टेरॉल लागतं. पत्र पोचलं, पण दार उघडलं नाही, असं मी वर्गात सांगते. शिवाय साचलेलं ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल फार सहज ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातून निघणारे पदार्थ पेशींना सोसत नाहीत. उणेपणाचा वाटा किती आणि साचलेपणाचा किती, यावर अजून वाद आहे. माझा कल दोन्हीकडे निम्मा-निम्मा.

एक योगायोग. स्मिथ, लेमली आणि ओपित्झ यांनी या मुलांचं वर्णन १९६४ मध्ये केलं. त्याच वर्षी कोलेस्टेरॉल शरीरात कसं बनतं यासाठी ब्लॉख आणि लिनेन यांना नोबेल मिळालं. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आहेत हे कळायला १९९३ उजाडलं.

खुरवैद्य

मधेच बोलतो. पशुवैद्यकात आम्हाला हे उलट बाजूने शिकवलं. अमेरिकेतल्या आयडाहोत १९५० च्या दशकात मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरं होऊ लागली. मेंढपाळांचा संशय आनुवंशिकतेवर. निघाली एक रानटी वनस्पती, व्हेराट्रम कॅलिफोर्निकम. गाभण मेंढीने ती चौदाव्या दिवशी खाल्ली तर कोकरू तसं होतं, त्याच्या आगेमागे खाल्ली तर या दोषातून बहुधा वाचतं. एकाच दिवसाचा खेळ! त्यातलं द्रव्य सायक्लोपामाइन, आणि ते नेमकं वर म्हटलेल्या स्मूदन्डलाच कुलूप लावतं.

नवा_वाचक

म्हणजे गरोदर बायकांनी कोलेस्टेरॉल भरपूर खावं का?

जुना_पिपेटवाला

नाही हो. गरोदरपणात आईचं कोलेस्टेरॉल आपोआप वाढतंच, वेगळं काही करावं लागत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ आईच्या कोलेस्टेरॉलवर अवलंबून असतो हे खरं, पुढे तो स्वतः बनवू लागतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं आईचं एपोई जनुक कोणत्या प्रकारचं आहे यावर या आजाराची तीव्रता थोडी बदलते, असं २००४ मध्ये दिसलं. म्हणजे फरक पडलाच तर तोही जनुकाचा, ताटाचा नाही.

सावलीतली_आई

सगळ्यांचे आभार. पिपेटवाले काका, तुमचं उत्तर नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे बसलेले असताना. "अर्धी प्रत" या शब्दावर सासूबाई उठून आत गेल्या. रागावून की कसं, कळलं नाही.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची पूड सुरू केलीय. त्याने ती बोलायला लागेल का? आणि पुढच्या वेळी आधी कळेल का?

अंकुर_आणि_अंग

पुडीने वजन वाढतं, काही मुलांची उन्हाची आग कमी होते. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं स्वतःच बनवतो. म्हणून बोलण्याची आशा पुडीवर ठेवू नका. वाचा उपचार आणि व्यायाम उपचार लवकर सुरू करा, त्यांचा उपयोग वेगळा आहे.

पुढच्या वेळी: प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. दोघांच्या जनुकातले बदल आता माहीत असल्याने वारेच्या ऊतीवरून किंवा गर्भजलावरून तपासता येतं. जनुकीय समुपदेशकाकडे दिवस जाण्यापूर्वीच जा. आणि आईच्या रक्ततपासणीत एस्ट्रिऑल हे गरोदरपणातलं संप्रेरक फार कमी आलं तर तीही एक खूण असते, कारण बाळाला ते बनवायला कच्चा मालच नसतो.

जुना_पिपेटवाला

एक राहिलं. मनोविकारांवरची काही औषधं, उदाहरणार्थ अरिपिप्राझोल आणि ट्रॅझोडोन, हीच शेवटची पायरी अडवतात आणि ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल वाढवतात. मुलीला पुढे झोपेसाठी किंवा चिडचिडीसाठी कुणी काही लिहून दिलं तर आजाराचं नाव आधी सांगा. तुम्ही दोघंही वाहक आहात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

सावलीतली_आई

विशेष लॅबचा अहवाल पुन्हा काढला. कोलेस्टेरॉल ५२. ७-डीहायड्रो १७. खाली बारीक अक्षरात ८-डीहायड्रो ३. बेरीज ७२, आणि त्या लॅबचं ७१.

जुना_पिपेटवाला

एकाचा फरक यंत्राला माफ. शेरा मात्र हाताने खोडा.