जुना यू-३ की नवा के-३००: आधी पिना तपासा

जपानहून आलेला जुना यामाहा यू-३ पियानो घ्यावा की नवा कावाई के-३००, या प्रश्नावर सगळे पियानोच्या उंचीचंच बोलताहेत. १३१ सेंमीच्या यू-३मध्ये खर्जाच्या तारा लांब असतात, म्हणून खालचे सूर १२२ सेंमीच्या के-३००पेक्षा भरदार, हे खरंच. पण नागपुरात आधी पिनब्लॉक, म्हणजे तारा ताणणाऱ्या पिना ज्यात बसवलेल्या असतात तो लाकडी ठोकळा, बघा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, ट्यूनिंग पिना सैल होतात आणि सूर टिकत नाही. नुसत्या ट्यूनिंगने हे सुधारत नाही, जाड पिना बसवाव्या लागतात. ट्यूनरला पान्याने प्रत्येक सप्तकातल्या दोन-चार पिना फिरवून बघायला सांगा. लोण्यात फिरल्यासारखी वाटली, तर तो सौदा सोडाच.

हॅमरच्या, म्हणजे तारांवर आपटणाऱ्या हातोडीच्या, नमद्यावर तारांचे चरे खोल असतील तर तो घासावा लागतो. तेवढा नमदा शिल्लक हवा.

के-३००च्या अ‍ॅक्शनमधले, म्हणजे पट्टी दाबल्यावर हातोडी हलवणाऱ्या यंत्रणेतले, कार्बन फायबरयुक्त एबीएस प्लास्टिकचे भाग पावसाळ्यात लाकडासारखे फुगत नाहीत, ही इथे मोठी जमेची बाजू. तरीही पिना घट्ट असतील तर मी यू-३च सुचवेन. आणि कोणताही घेतलात तरी कूलरच्या झोतात तेवढा ठेवू नका.