'सांस्कृतिक अपवाद' : अपवाद, सूट की आणखी काही?

प्रश्न : कॅनडा-अमेरिका व्यापार करारांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. दोन ठिकाणी अडले. 'सांस्कृतिक वस्तू' लिहिलं की माझ्या डोळ्यांपुढे संग्रहालयातली समई येते, आणि लेख तर मासिकं, सीडी, चित्रपटांवर आहे. दुसरं, 'सांस्कृतिक अपवाद', म्हणजे संस्कृतीला मुक्त व्यापाराच्या नियमांबाहेर ठेवणं, हा शब्द कॅनडालाही चालेल का?

– 'सांस्कृतिक माल' लिहा. समईची सोय गॅट कराराच्या, म्हणजे मालाच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कलम २० मध्ये वेगळी आहे; तिथे 'राष्ट्रीय ठेवा' म्हणता येईल.

– कवितासंग्रहाला माल? कसंतरीच वाटतं हो.

– प्रकाशकाच्या गोदामात जाऊन या. तिथे मालच म्हणतात!
थट्टा सोडा, पण 'माल की सेवा' यावर खरा खटला झाला आहे. अमेरिकी मासिकांच्या कॅनडासाठी काढलेल्या आवृत्त्यांना, म्हणजे मजकूर बहुतेक तिकडचाच पण जाहिराती कॅनडातल्या अशा अंकांना, कॅनडाने सीमेवर बंदी घातली होती. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने १९९३मध्ये पानं इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून अंक कॅनडातच छापला. सीमेवर अडवायला काही उरलंच नाही. मग १९९५मध्ये कॅनडाने अशा अंकांतल्या जाहिरातींवर ८० टक्के अबकारी कर लावला. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर कॅनडाचं म्हणणं असं, की जाहिरात ही सेवा आहे, मालाचे नियम इथे लागत नाहीत. १९९७मध्ये अपील मंडळाने ते फेटाळलं: मासिक हा माल, आणि कर त्या मालावरच पडतो. कॅनडा हरला. म्हणून तुमच्या लेखात 'वस्तू' आणि 'सेवा' सैलपणे वापरू नका, सगळा वाद तिथेच आहे.

आता 'अपवाद'. हा फ्रान्सने गाजवलेला शब्द, पण १९९३च्या जागतिक व्यापार वाटाघाटींनंतर सेवांच्या व्यापारावरच्या करारात चित्रपट-दूरचित्रवाणीसाठी 'अपवाद' असं कलम कुठेच आलं नाही. युरोपने त्या क्षेत्रात बाजार खुला करण्याचं वचन दिलं नाही, एवढंच. न दिलेल्या वचनाला अपवाद कसं म्हणायचं? मी तरी ते घोषणेपुरतंच ठेवीन. कॅनडाच्या अमेरिकेशी झालेल्या १९८८च्या करारात मात्र संस्कृती-उद्योग खरोखर वगळले होते. पण त्यांच्या नावाखाली काही केलंत, तर समोरचा तेवढ्याच व्यापारी वजनाचं प्रत्युत्तर देऊ शकतो. २०२०पासून लागू असलेल्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा या नव्या करारातही ही मेख आहे. त्याला 'सूट' म्हणणं मला पटत नाही, सूट फुकट असते. 'सशर्त वगळणूक' कसं वाटतं?

– 'वगळणूक' जरा सरकारी वाटतं, पण अर्थ बसतो. घेते. आणि चित्रपटगृहांत देशी चित्रपटांसाठी जे दिवस राखून ठेवतात, त्याला? दक्षिण कोरियाचं उदाहरण आहे: अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या बोलण्यांआधी, २००६मध्ये, वर्षाचे १४६ दिवस ७३वर आणायचं ठरवलं.

– गॅटच्या कलम ४ नेही अशा राखीव वेळेला मुभा दिली आहे. आपल्या मल्टिप्लेक्समधल्या मराठी चित्रपटांच्या वादाशी मात्र ते जोडू नका, कलमात 'देशी' म्हणजे त्या-त्या देशाचं. शब्द सरळ 'पडदा-कोटा' घ्या. 'पडदा-आरक्षण' लिहिलंत तर लोक तिकिटं काढायला धावतील.