गरोदरपणात एचटीएलव्ही-१ पॉझिटिव्ह: बाळाला अंगावर पाजायचं की नाही?

अबोली_फुकुओका:
नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फुकुओकात असतो. मला सातवा महिना चालू आहे. इथे गरोदर बाईच्या रक्तात एचआयव्ही आणि काविळीबरोबर एचटीएलव्ही-१ या विषाणूचीही तपासणी करतात. माझी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाल्या, ही फक्त पहिली चाळणी, पक्क्या चाचणीचा निकाल यायचा आहे. त्यांनी एक पुस्तिका दिली, पण ती जपानीत, मला निम्मीच कळते. नेटवर शोधलं तर पहिल्याच ओळीत रक्ताचा कर्करोग दिसला, पुढे वाचवेना. हे एचआयव्हीसारखंच असतं का? नवऱ्याला झालं असेल का? सासूबाई नाशिकहून बाळंतपणाला येणार आहेत, अळीव आणि डिंक आत्ताच घेऊन ठेवलेत. त्यांना काय सांगू?

मिरजेची_सिस्टर:
अबोली, आधी दोन घास खाऊन घे, मग हे वाच. चाळणीत पॉझिटिव्ह आलेल्या पुष्कळ जणी पक्क्या चाचणीत निगेटिव्ह निघतात.

मी मिरजेत नर्सिंग शिकले, आता ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला वॉर्डात काम करते. या भागातल्या काही आदिवासी वस्त्यांमध्ये ४० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात हा विषाणू आहे. जगात इतकं प्रमाण दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. त्यामुळे याच्याशी माझी रोजची गाठ आहे.

एचआयव्ही आणि हा, दोघे एकाच जातकुळीचे. त्यात हा आधी सापडला, १९८० मध्ये, अमेरिकेत शास्त्रज्ञ रॉबर्ट गॅलो यांच्या गटाला. सुरुवातीला एचआयव्हीला एचटीएलव्ही-३ म्हणायचे, तो घोळ अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. पण एचआयव्ही टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मारतो. हा त्यांच्यात घर करून राहतो आणि त्याच पेशी वाढवतो. याने एड्स होत नाही. बहुतेकांना जन्मभर काहीही होत नाही.

ज्यांना होतं त्यांचं मात्र गंभीर असतं. टी-पेशींचा तो कर्करोग आयुष्यभरात शंभरातल्या साधारण पाच जणांना होतो, आणि तोही प्रामुख्याने ज्यांना तान्हेपणी लागण झाली त्यांना, कित्येक दशकांनी. तुमच्या क्यूशू बेटावरचेच रुग्ण जास्त दिसतात, हे जपानी डॉक्टर ताकात्सुकी यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. दुसरा आजार मज्जारज्जूचा: पाय ताठतात, चालणं अवघड होतं, लघवी धरवत नाही. काहींच्या डोळ्यांना आतून सूज येते. इथे आम्हाला जास्त दिसतो तो फुप्फुसांचा त्रास. श्वासनळ्या कायमच्या रुंद होतात, त्यात कफ साठत राहतो, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. तरणीताठी माणसं त्यात जातात. अनवाणी पायांतून शिरणारा स्ट्रॉन्गिलॉइड्स नावाचा जंतही या लोकांच्या अंगात बेफाम पसरतो.

आता मुख्य गोष्ट, दूध. हा विषाणू रक्तात मोकळा फारसा फिरत नाही, पेशीतून पेशीत जातो, आणि आईच्या दुधात तिच्या पांढऱ्या पेशी असतात. बरेच महिने अंगावर पाजलं तर शंभरातल्या १५ ते २० बाळांना लागण होते. फक्त पावडरचं दूध दिलं तर ती साधारण तिनावर येते. म्हणजे साखळी तोडायची जागा हीच. बाकी मार्ग म्हणजे शरीरसंबंध, पेशी असलेलं रक्त चढवणं आणि वापरलेल्या सुया. एका ताटात जेवून, पापा घेऊन, आंघोळ घालून काही होत नाही. एचआयव्हीच्या गोळ्या यावर चालत नाहीत, लसही नाही.

तुला ही तपासणी मिळाली याचं मला फार बरं वाटतं. आमच्याकडे रक्तदात्यांची होते, गरोदर बायकांची सरसकट होत नाही. २०१८ मध्ये गॅलो आणि इतरांनी जागतिक आरोग्य संघटनेला खुलं पत्र लिहिलं, तेव्हा कुठे थोडी हालचाल झाली. जगात किमान पन्नास लाख ते एक कोटी लोकांना ही लागण असावी असा अंदाज आहे, तरी नाव कुणी ऐकलेलं नाही. का, तर ज्यांना होतो ते लोक दूर वाळवंटात, बेटांवर, गरिबीत राहतात. याचा मला राग येतो. आणि इथल्या आईला नुसतं "पाजू नको" म्हणूनही भागत नाही. जिथे स्वच्छ पाण्याची आणि पावडरच्या खर्चाची खात्री नाही, तिथे बाटलीने जुलाब आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. फुकुओकात तुला ती अडचण नाही.

मनवा_नागासाकी:
अबोली, माझ्याही रक्तात हा विषाणू आहे आणि माझी लेक छान आहे. नागासाकीत आईकडून बाळाला होणारी लागण टाळायचा कार्यक्रम १९८७ पासून चालतो, त्यामुळे इथल्या नर्सना सगळं पाठ आहे. मी पहिल्या दिवसापासून बाटलीच दिली. काही जणी ९० दिवसांपर्यंत पाजतात, पण मग वेळेत सोडवणं जमलं पाहिजे. काही दूध काढून गोठवतात, त्याने पेशी मरतात. यातलं काय, ते डॉक्टरांशी बोलून तूच ठरव. दूध थांबवायची गोळी आधीच विचारून ठेव, छाती दाटून आली की जीव नकोसा होतो. बाळाची तपासणी तीन वर्षांनंतर करतात, त्याआधी तुझीच प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) त्याच्या रक्तात दिसू शकतात.

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं: "माझ्या रक्तातला एक विषाणू दुधातून बाळाला जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी पावडर सांगितलीय." रडल्या. मग रात्रीच्या बाटल्या त्यांनीच दिल्या.

रक्तपेढी_पुणे:
एक भर घालतो. आपल्याकडे रक्तपिशवीची सक्तीची तपासणी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस आणि हिवताप यांची. एचटीएलव्ही त्यात नाही. पक्की चाचणी पॉझिटिव्ह आली तर ताई, भारतात आल्यावरही रक्तदान करू नका.

अबोली_फुकुओका:
तिघांचे मनापासून आभार. सिस्टर, मला हे आलं कुठून असेल? आणि नवऱ्याचं?

मिरजेची_सिस्टर:
पक्कं झालं तर आईकडून दुधातून, जोडीदाराकडून किंवा कधी रक्त चढवलं असेल तर त्यातून. नवऱ्याची साधी रक्तचाचणी होते, डॉक्टरांना विचार, आणि निकाल येईपर्यंत निरोध वापरा. पुरुषाकडून बाईला जास्त सहज जातो, उलट कमी, तेव्हा कुणी कुणाला दिलं हा हिशेब घरात मांडू नका. आईला फोन करशील तेव्हा तिला चालताना पाय जड होतात का, लघवीची घाई होते का, एवढं विचार. उत्तर हो असेल तर तिला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठव आणि एचटीएलव्ही हे नाव कागदावर लिहून दे, कारण तिथे हे पटकन कुणाच्या डोक्यात येणार नाही.